खुर्चीवर परतलेली उशी

१

पडद्यांच्या कारखान्याचं शटर वर ढकलून ताई आत शिरल्या आणि सवयीने त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे खिळा होता, पण खिळ्यावर कात्री नव्हती.

आता एखादी कात्री जागेवर नाही म्हणून कोणी छाती पिटत बसत नाही. पण ही कात्री म्हणजे मास्टरांची कात्री होती. मास्टर म्हणजे कारखान्यात कापड कापणारे, ताईंनी एकाच शिवणयंत्रावर धंदा मांडला तेव्हापासूनचे. लांबलचक, काळ्या मुठीची ती कात्री जाड मखमलीचे थरच्या थर लोण्यासारखे कापायची. तिला दुसरं कोणी हात लावत नसे. लावलाच, तर मास्टर रागवत वगैरे नसत. हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे नुसते बघत राहत, आणि तेवढ्यानेच कात्री मुकाट खिळ्यावर परत जाई.

ताईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं, गठ्ठ्यांच्या मागे पाहिलं, चिंध्यांचं पोतंसुद्धा उलटं केलं. तेवढ्यात फोन वाजला. काल कामाला लागलेली मुलगी बोलत होती. जाड भिंगांचा चश्मा असल्यामुळे कारखान्याने तिचं बारसं पहिल्या तासातच उरकलं होतं. ती चश्मेवाली.

"ताई, मला नाही जमणार," ती म्हणाली. "काम छान आहे. माणसंही छान आहेत. पण मी आजपासून येत नाही."

"अगं, पण झालं काय?"

"काही नाही झालं, ताई. खरंच. माफ करा." आणि फोन बंद झाला.

ताई जवळच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. ही चौथी. एका नव्या हॉटेलने सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायचं काम त्यांना देऊ केलं होतं. आजवर एवढं मोठं काम कारखान्यात आलं नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरची अट एकच होती. कापणारी माणसं दोन हवीत, आणि ती शनिवारी तो स्वतः येऊन बघणार. एकटे मास्टर एवढं कापड कापणं शक्यही नव्हतं. अलीकडे त्यांचा उजवा खांदा दुखायचा. ते कबूल करत नसत, पण कापता कापता डाव्या हाताने खांदा चोळताना ताईंनी त्यांना कितीदा पाहिलं होतं. दुसरा माणूस हवा होता तो हॉटेलसाठी जेवढा, तेवढाच त्या खांद्यासाठी. आणि ताई निवडून माणूस आणायच्या, तो एक दिवस राबायचा, हसून निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून नारळ द्यायचा. मालकाने नोकराला द्यावा, तसा नोकराने मालकाला.

एव्हाना शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांनी रिकामा खिळा पाहिला, फोनची हकिकत ऐकली आणि दोन्हींची गाठ क्षणात मारून टाकली. "पोरगी गेली, कात्रीही गेली. मग आता विचारायचं काय राहिलं?"

ताईंनाही ते जवळजवळ पटलं. चरफडत त्या उठल्या, आणि उठता उठता त्यांचं लक्ष खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेलं. खुर्चीवर मास्टरांची जुनी निळी उशी होती. ती उशी चश्मेवाली यायच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी स्वतःच्या हाताने उचलून खोक्यात भरली होती. आता ती झटकून, चारी कोपरे नीट करून, जागच्या जागी ठेवलेली होती. कात्री पळवणाऱ्याला जाता जाता उशी झटकायची बुद्धी का व्हावी, हे ताईंना काही केल्या कळेना.

२

दुपारी जेवायला घरी गेल्यावर ताईंनी सगळं सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाईंना सांगण्यात एक सोय होती आणि एक धोका होता. त्या निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायच्या. कोणाचं गोदाम खरंच जळलं आणि कोणी स्वतःच काडी लावली, हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे ऐकून घ्यायच्या त्या मन लावून. धोका एवढाच, की मग सोडायच्या नाहीत.

"पहिल्यापासून सांग," शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या. "माणूस निवडतेस कशी?"

ताईंनी जरा अभिमानानेच सांगितलं. कापता येतं की नाही हे तर त्या पाहायच्याच. पण खरी परीक्षा वेगळी असायची. समोरचा माणूस बोलत असताना काकू मुद्दाम कापडाचा जड गठ्ठा छातीशी धरून धापा टाकत बाजूने जायच्या. जो उठून हात लावेल त्याला नोकरी. बसून राहील त्याला चहा पाजून निरोप. चौघंही एका क्षणात उठले होते. चश्मेवाली तर अशी धावली की तिचा चश्माच खाली पडला.

"आणि पहिल्या दिवशी काय करतेस?"

इथे ताईंचा स्वर मऊ झाला. त्यांची स्वतःची पहिली नोकरी एका मोठ्या दुकानात होती. तिथे त्यांना पहिल्या दिवशी जिन्याखाली उभं केलं होतं. बसायला जागा नाही, पिशवी ठेवायला खुंटी नाही, कोणी नाव विचारलं नाही. त्या दिवशी त्या घरी जाऊन रडल्या होत्या. म्हणून त्यांच्या कारखान्यात नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळ्यात चांगली जागा मिळायची. खिडकीजवळचं टेबल, भरपूर उजेड, कोरी पट्टी, नवे खडू, पेल्यात फुलं. हे सगळं त्या आदल्या संध्याकाळी स्वतः मांडून ठेवायच्या.

"म्हणजे अगदी माहेरवाशिणीचा थाट," सासूबाई म्हणाल्या. "आणि तरी पळतात. एकही टिकला नाही?"

"एक टिकला होता," ताईंनी तोंड कडू केलं. "ह्यांच्या मित्राचा मेहुणा."

मेहुण्याची कथा घरात सगळ्यांना पाठ होती. तो खिडकीजवळ बसला तो बसलाच. अर्धा दिवस फोनवर, उरलेला अर्धा चहावर. पडदे असे तिरके कापायचा, की टांगल्यावर खिडकीच वाकडी वाटायची. त्याला घालवताना ताईंच्या नाकी नऊ आले होते.

"त्या मेहुण्यापुढून काकू गठ्ठा घेऊन गेल्या होत्या?"

"छे. त्याची शिफारस होती. परीक्षा कसली घेणार?"

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "म्हणजे परीक्षेत पास झालेले सगळे गेले, आणि परीक्षा न दिलेला एकटा राहिला. सूनबाई, उद्या मी तुझ्या कारखान्यात येते."

३

दुसऱ्या दिवशी सासूबाई कारखान्यात आल्या त्या हातात विणकाम घेऊन. सुया हलत असल्या की समोरच्याला आपली चौकशी चाललीय असं वाटत नाही, हा त्यांचा नोकरीतला जुना अनुभव होता.

पहिल्या काकू. त्यांना फार विचारावंच लागलं नाही. नवीन माणसं नाजूक असतात, त्यांना कष्ट नकोत, आणि आपली भाची किती दिवसांपासून रिकामी आहे, ती कशी हातची कामसू आहे, हे सगळं त्या एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. सासूबाईंनी हळूच विचारलं, की भाचीसाठी जागा मोकळी राहावी म्हणून त्यांनी चश्मेवालीला काही सुनावलं तर नाही? काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी तिला माझ्या डब्यातलं खाऊ घातलं," त्या म्हणाल्या. "आणि भाचीला कापता कुठे येतं? तिला शिवणाचं काम हवंय." हे मात्र खरं वाटलं.

दुसरा फिटर. हा लोकांच्या घरी जाऊन पडद्यांचे दांडे बसवायचा आणि राहिलेल्या वेळात थापा मारायचा. प्रत्येक नव्या माणसाला तो सांगायचा की गोदामात रात्री शिवणयंत्र आपोआप चालतं. ताईंना वाटलं, सापडला चोर. पण फिटरने सांगितलं की चश्मेवाली ऐकून घाबरली नाही, उलट त्या यंत्राला निदान रात्रपाळीचा पगार तरी द्या म्हणाली. हे सांगताना त्याचा चेहरा पडला. चांगला तोडीस तोड माणूस मिळाला होता आणि एका दिवसात गेला, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. जाण्यापूर्वी ती काय करत होती, असं सासूबाईंनी विचारलं. गोदामाच्या दाराशी नुसती उभी होती, तो म्हणाला. आधीचे तिघंही तसेच तिथे उभे राहिलेले त्याला आठवत होते.

ताई वळून गोदामाकडे बघू लागल्या. गोदामाच्या दाराशी दिव्याखाली एक जुनं टेबल होतं, आणि नवीन माणूस आला की मास्टर त्या टेबलावर काम करायचे. म्हणजे जाण्याआधी प्रत्येकजण मास्टरांपाशी उभा होता.

मास्टर तिसरे. ते गेल्या दोन दिवसांपासून खिडकीजवळ परत आले होते आणि काकूंच्या छोट्या कात्रीने काम ढकलत होते. सासूबाईंना त्यांनी स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. पोरगी कशी होती, असं विचारल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हाताला वळण आहे, ते म्हणाले, कापडाचा पोत बोटांनी ओळखते. जे येतं ते सगळं तिला एका दिवसात सांगायचा प्रयत्न केला. उशी खुर्चीवर कोणी ठेवली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते आले तेव्हा ती तिथेच होती.

"आणि तुमची कात्री हो?"

"मिळेल," मास्टर म्हणाले आणि खाली मान घालून खडूने रेघ ओढू लागले.

बाहेर पडल्यावर सासूबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं. "काकूंनी कात्री शोधली. फिटरने शोधली. तू तर चिंध्यांचं पोतं उपसलंस. ज्याची कात्री हरवली तो एकटाच माणूस ती शोधत नाहीये, हे तुझ्या ध्यानात आलं का?"

ताईंच्या ध्यानात आलं होतं. येऊ नये असं त्यांना फार वाटत होतं.

४

चश्मेवाली आईबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत होती. गुरुवारी ताई आणि सासूबाई तिथे गेल्या. दार उघडून समोर ताईंना पाहिल्यावर ती लाजेने अर्धी झाली. सासूबाईंनी मात्र कात्रीचा विषयच काढला नाही. आधी चहा झाला. मग तिच्या आईच्या गुडघेदुखीवर दोघींचं सविस्तर बोलणं झालं. ताईंची चुळबुळ वाढत चालली. शेवटी उठता उठता सासूबाईंनी विचारलं, "पोरी, त्या दिवशी तुझी पिशवी कुठे ठेवली होतीस?"

चश्मेवाली गोंधळली. "मांडीवर."

"दिवसभर? भिंतीला तर खुंट्या आहेत."

"खिडकीजवळच्या खुंटीवर दुसऱ्या कोणाची तरी टोपी होती," ती म्हणाली. "ती काढून आपली पिशवी अडकवायची, हे मला बरं वाटेना."

"आणि उशी तूच झटकलीस ना?"

तिने मान हलवली. डोळे भरून आले तसा तिने चश्मा काढून पुसला आणि पुसतच राहिली. मास्टर काही बोलले का, असं ताईंनी घाईने विचारलं. "ते फार चांगले आहेत," चश्मेवाली म्हणाली. "म्हणूनच." आणि ती रिकामे कप उचलून आत गेली.

परतीच्या रस्त्यावर ताई तावातावाने बोलत होत्या. म्हणूनच म्हणजे काय? गोड बोलून माणसं हुसकायची कला असते ती. कोपऱ्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याचं दुकान लागलं आणि ताई जागच्या जागी थबकल्या. आत तारेवर लांब, काळी, ओळखीची कात्री लटकत होती.

धारवाला मोकळेपणाने बोलला. मास्टरांनीच आणून दिली होती, कालच्या आदल्या सकाळी, दुकान उघडता उघडता. उद्या नेणार आहेत. धार तर लावलीच, शिवाय मुठीला मऊ पट्टी गुंडाळायला सांगितली आहे, लहान हाताला बसेल अशी. त्याने पंजा पुढे धरून माप दाखवलं.

ताईंना पुढचं ऐकूच आलं नाही. कात्री नेणारे मास्टरच होते. आणि आपण साऱ्या कारखान्यात विचारत फिरत होतो तेव्हा ते खाली मान घालून रेघा ओढत होते. इतक्या वर्षांचा माणूस. ज्याच्या खांद्यासाठी आपण जिवाचा आटापिटा करतोय, तोच आपल्या पायाखालची सतरंजी ओढतोय.

"मी त्यांना आजच विचारते," त्या म्हणाल्या. "आणि सरळ उत्तर नाही आलं, तर त्यांनीही उद्यापासून यायला नको."

"एक दिवस थांब," सासूबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळी खिडकीजवळचं टेबल मांडून ठेव. नवीन माणसासाठी मांडतेस तसंच, काही कमी नाही, काही जास्त नाही."

"कोणासाठी? आता कोण येणार आहे?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

५

शुक्रवारी सकाळी सासूबाई खांद्याला पिशवी अडकवून कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. मी आजपासून कामाला आहे, त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि चश्मेवालीशी जसे वागलात तसंच माझ्याशी वागा. फिटरला तर आनंदाचं भरतं आलं. त्याने लगेच रात्री चालणाऱ्या यंत्राची गोष्ट सुरू केली. काकूंनी डबा पुढे केला. ताईंनी, मन थाऱ्यावर नसतानाही, नेहमीसारखं हसून त्यांना खिडकीजवळ नेलं आणि म्हटलं, "हे टेबल तुमचं."

टेबल लखलखत होतं. कोरी पट्टी, नवे खडू, पेल्यात फुलं. सकाळचं ऊन थेट कापडावर पडत होतं. सासूबाई खुर्चीवर बसल्या. खुर्चीच्या लाकडाला बसून बसून खोलगट आकार आला होता, आणि तो आकार त्यांचा नव्हता. टेबलाच्या कडेला कोणाच्या तरी मनगटाने घासून घासून रंग गेला होता. खुंटीवर टोपी होती. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

मग त्यांनी आत पाहिलं. गोदामाच्या दाराशी, पिवळ्या दिव्याखाली, मास्टर आपलं खोकं उघडत होते. त्यातून चश्म्याचं घर निघालं, पाण्याची बाटली निघाली, निळी उशी निघाली. ती त्यांनी डगमगत्या स्टुलावर ठेवली आणि कापड डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. सासूबाई बघताहेत हे दिसल्यावर ते उठून आले. "इथला उजेड दुपारपर्यंत छान असतो," ते म्हणाले. "उन्हं फिरली की पडदा अर्धा ओढा. आणि टेबलाचा हा पाय जरा आखूड आहे, घडी घालून ठेवलीय, ती काढू नका." एवढं सांगून, खांदा चोळत, ते दिव्याखाली परत गेले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सासूबाईंनी काम करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. एक उशीचा अभ्रा कापला, तो उशीला सोडून बाकी कशालाही बसला असता. मग त्या उठल्या. त्यांनी खोक्याजवळ जाऊन निळी उशी उचलली, खिडकीजवळच्या खुर्चीवर नेऊन झटकून ठेवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझं काम छान आहे, माणसंही छान आहेत. पण मी उद्यापासून येणार नाही."

६

कोणी हसलं नाही. ताईंना आपण हे वाक्य कुठे ऐकलंय ते आठवलं.

"तू विचारत होतीस, नवीन माणसांना कोण हाकलतं," सासूबाई शांतपणे बोलू लागल्या. "कोणीच नाही. ती स्वतः जातात. सकाळी येतात, लखलखीत टेबलावर बसतात, आणि तासाभरात त्यांच्या लक्षात येतं की ही खुर्ची गरम आहे. कोणाला तरी आत्ताच इथून उठवलंय. समोर बघावं तर पिकल्या केसांचा माणूस आपलं सामान खोक्यात घेऊन अंधारात बसलेला. वर तोच माणूस येऊन टेबलाच्या आखूड पायाची काळजी घ्यायला सांगतो. कोणालाही काय वाटेल? आपल्याला घेतलंय ते ह्यांना काढण्यासाठी."

"काढण्यासाठी?" ताई म्हणाल्या. "आई, मी तर आठवडाभरासाठीच... आठवडा झाला की दुसरं टेबल यायचंच होतं. मास्टरांना कशाला काढीन मी?"

"हे तू कोणाला सांगितलंस?"

ताईंनी आठवून पाहिलं. त्यांच्या मनात ते इतकं स्वच्छ होतं, की तोंडाने सांगायची गरजच त्यांना कधी वाटली नव्हती. आणि खांद्याचं बोललं तर मास्टर दुखावतील, म्हणून दुसरा माणूस का हवा, हेही त्या मास्टरांना कधी बोलल्या नव्हत्या.

"मेहुणा टिकला, कारण त्याला काही वाटलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या चौघांना वाटलं, कारण तू निवडलीसच तशी माणसं. दुसऱ्याच्या हातातलं ओझं बघून जे उठतात, ते दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून कसे राहतील? परीक्षाही तुझी, टेबलही तूच मांडलेलं. आधी पारखून चांगली माणसं आणायचीस, आणि मग त्या चांगुलपणाला दिवसभर टोचत ठेवायचीस."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"राहिली कात्री," सासूबाई मास्टरांकडे वळल्या. "ती धार लावायला टाकलीत, ती तुमची मर्जी. पण लहान हाताला बसेल अशी पट्टी मुठीला का लावून घेतलीत?"

मास्टरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "पोरीचा हात लहान आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, ताईंना सांगता येत नाहीये. इतक्या वर्षांची माणसं आपण, त्यांना जड जात असणार. म्हणून म्हटलं, आपणच सोपं करावं. काम पोरीला शिकवावं, कात्री तिच्या हातात द्यावी आणि हसतखेळत घरी जावं. सकाळी कात्री टाकून इथे येतो, तर पोरगीच गेलेली. मग तुम्ही कात्री शोधायला लागलात. कुठे आहे म्हटलं असतं तर का तेही सांगावं लागलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ताईंना रडू फुटलं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. कालच आपण ह्या माणसाला काढायला निघालो होतो, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग खांद्याचंही सांगितलं. हॉटेलचं काम आलं नसतं तरी दुसरा माणूस आणणारच होते, कारण तुमचा खांदा अजून पुष्कळ वर्षं मला हवाय, असं त्या म्हणाल्या. मास्टरांनी खांद्यावरचा हात पटकन खाली घेतला. मग कशाला घेतला, असं वाटून की काय, परत वर नेला आणि सगळ्यांदेखत खुशाल चोळला.

"ते सगळं ठीक," काकू नाक ओढत म्हणाल्या. "पण उद्या तो मॅनेजर येणार. दुसरं टेबल मांडायचं कुठे? खिडकी एकच."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी चांगली रुंद होती. तिच्या अर्ध्या भागात मास्टरांचं टेबल होतं. उरलेल्या अर्ध्या भागात, उत्तम उजेडात, फोन, नमुन्यांचे तुकडे आणि चहाचे कप मिरवणारं एक मोठं टेबल इतकी वर्षं उभं होतं. ते ताईंचं स्वतःचं होतं. सगळ्यात चांगली जागा नव्या माणसाला द्यायची म्हणताना, त्यांनी दर वेळी दुसऱ्याची जागा दिली होती.

"फिटर," ताई डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या टेबलाला त्या बाजूने हात लाव."

शनिवारी मॅनेजर यायच्या बऱ्याच आधी चश्मेवाली आली. ताई आदल्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सगळं सांगून आल्या होत्या, तरी ती बिचकतच आत शिरली. खिडकीजवळ दोन टेबलं शेजारी शेजारी होती. एकापाशी निळी उशी, मास्टर आणि धारवाल्याकडून परत आणलेली, चकचकीत धारेची कात्री. मुठीची मऊ पट्टी मास्टरांनी सोडवून टाकली होती.

"ही तुला द्यायची ठरवली होती," ते म्हणाले. "आता नाही मिळणार. अजून मला लागणार आहे. तू तुझी आण." आणि त्यांनी ती पट्टी गुंडाळी करून तिच्या हातावर ठेवली, नव्या कात्रीला लावायला.

चश्मेवाली हसली. पिशवी अडकवायला तिने खांद्यावरून बंद उतरवला, आणि तेवढ्यात तिची नजर आत गेली. गोदामाच्या दाराशी, पिवळ्या दिव्याखाली, डगमगत्या स्टुलावर ताई बसल्या होत्या. बाजूला खोकं होतं. खोक्यात फोनची तार, चहाचे कप, नमुन्यांचे तुकडे. त्या कापडाचा एक तुकडा डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होत्या.

चश्मेवालीचा हात थांबला. पिशवीचा बंद हळूहळू परत खांद्यावर चढला.

"ताई," तिने घाबऱ्या आवाजात विचारलं, "तुम्हाला काढलं का?"

सासूबाई दारात स्टूल टाकून विणत बसल्या होत्या. त्यांनी सुईवरून नजर न उचलता सांगितलं, "ती मालकीण आहे, पोरी. तिला इथून कोणी काढू शकत नाही. फार तर मी. आणि मला ती अजून हवी आहे. तू पिशवी अडकव."

चश्मेवालीने सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग तिने पिशवी टोपीशेजारच्या खुंटीवर अडकवली आणि कामाला लागली.